हँगिंग गार्डन ते वांगणी: कॅमेऱ्यात सापडलेलं धाडस

भारतीय माणसाने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेली पहिली हलती चित्रं कशाची होती, असं विचारलं तर बहुतेक जण दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतात. पण ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये. त्याच्या तेरा-साडेतेरा वर्षं आधी, नोव्हेंबर १८९९ मध्ये, मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाच्या फोटोग्राफरने कॅमेरा लावला आणि त्याच्यासमोर दोन पैलवान भिडले. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी. म्हणजे आपल्याकडे चित्रीकरणाची सुरुवात ना देवापासून झाली, ना राजापासून. ती कुस्तीपासून झाली.

आज हार्बर लाइनच्या डब्यात सकाळी मान वर करून पाहिलं, तर निम्म्या मोबाइलवर त्या कुस्तीची खापरपणतवंडं दिसतात. कोणी गच्चीच्या कठड्यावरून चालतंय, कोणाची बाइक ट्रकच्या चाकाखाली जाता जाता वाचते, कोणाला धावत्या गाडीखालून ओढून काढलं जातं. दहा सेकंद श्वास रोखायचा, अंगठा वर सरकवायचा, पुढचा व्हिडिओ. नेरुळ ते मानखुर्द एवढ्या वेळात माणूस किमान वीस वेळा मरता मरता वाचलेला बघून होतो.

हे बघणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे कोणाला उपदेश करायचा विचार नाही. पण या प्रकाराला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच गावात, मुंबईत घडलेला आहे. तो वाचताना दोन प्रश्न सारखे समोर येत राहिले. ते धाडस कॅमेऱ्यासाठी केलेलं होतं की कॅमेरा फक्त तिथे होता? आणि व्हिडिओ संपल्यानंतर काय झालं?

एकवीस गिनींचा कॅमेरा

७ जुलै १८९६. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. दाखवल्या सहा छोट्या फिती, त्यातली एक म्हणजे स्टेशनात शिरणारी आगगाडी. भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, हा चमत्कार बघून इतके भारावले की त्यांनी इंग्लंडहून २१ गिनींना कॅमेरा मागवला.

कॅमेरा आला. आता टिपायचं काय? हा प्रश्न आजच्या कुठल्याही नव्या यूट्यूबरला पडतो तसाच होता, फक्त अटी जास्त कडक होत्या. कॅमेरा जड, एका जागी रोवलेला. भरपूर ऊन हवं. फीत जेमतेम मिनिटाच्या आसपास पुरणारी. म्हणजे विषय असा हवा, जो एकाच जागी, उघड्यावर, चटकन घडेल आणि तरी लोक डोळे फाडून बघतील. कुस्ती या चारही अटींत चपखल बसते. सावेदादांनी सामना ठरवला, पैलवान बोलावले, चित्रीकरण केलं. फीत धुवायची सोय इथे नव्हती, म्हणून ती बोटीने लंडनला गेली आणि धुऊन परत आली. आपण अपलोडचं गोल चक्र चार सेकंद फिरलं तरी वैतागतो.

या पहिल्याच फितीत पुढच्या सगळ्या इतिहासाची मेख आहे. झुंज खरी होती. घाम खरा, पकडी खऱ्या. पण जागा, वेळ आणि ऊन कॅमेऱ्याच्या सोयीचं होतं. कॅमेरा नसता तर त्या दिवशी, त्या बागेत ती कुस्ती झालीच नसती. कॅमेऱ्याने घटना टिपली हे जितकं खरं, तितकंच कॅमेऱ्याने घटना घडवली हेही खरं.

सावेदादांची दुसरी फीत माकडांचे खेळ करणाऱ्याची होती. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी केंब्रिजहून ‘सीनियर रँग्लर’ होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं मुंबईत झालेलं स्वागत टिपलं. ती आपल्याकडची पहिली बातमीफीत मानतात. अंगाचं कसब, जनावराचं कसब आणि डोक्याचं कसब. पैलवान, माकड आणि टॉपर. आजचं कुठलंही फीड उघडा, मालमसाला फारसा बदललेला नाही.

टपावरची नाडिया

मिनिटाची फीत तासा-दोन तासांचा चित्रपट झाली, तेव्हा धाडसाला कथा मिळाली आणि धाडस करणाऱ्याला पगार. मूकपटांच्या काळातला इथला सगळ्यात गाजलेला स्टंट हीरो मराठी होता: कोल्हापूरचा मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेला हा गडी १९२५ मध्ये निघालेल्या शारदा फिल्म कंपनीचा आधारस्तंभ बनला. तलवारबाजी, घोडदौड, उड्या. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत.

त्याची किंमत किती होती हे एका खटल्यावरून कळतं. इंपीरियल कंपनीने ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटासाठी त्याला घेतलं, तेव्हा शारदाने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि जिंकले. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पण ज्याच्या अंगाने इतकी वर्षं पडदा गाजवला, त्याची जीभ उर्दूत अडखळत होती. म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला मोजकेच संवाद दिले गेले आणि बराच वेळ तो गुंगीत असल्याचं दाखवलं गेलं. मास्टर विठ्ठल पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’सारख्या मराठी चित्रपटांतून दिसत राहिला, पण मूकपटातलं ते साम्राज्य काही परत आलं नाही.

त्याची जागा एका बाईने घेतली. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेली मेरी इव्हान्स, पडद्यावरची ‘फिअरलेस नाडिया’. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ चा, ‘मिस फ्रंटियर मेल’ १९३६ चा. दुसऱ्यात ती धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी मारामारी करते. डमी नाही, संगणक नाही. टपावर खरोखर तीच उभी आहे.

त्या काळच्या मारामाऱ्या जुन्या फितींमध्ये जरा जास्तच चपळ वाटतात, त्यामागे एक साधी युक्ती असे. कॅमेरा नेहमीपेक्षा हळू फिरवायचा, म्हणजे सेकंदाला कमी चित्रं घ्यायची आणि दाखवताना ती नेहमीच्या वेगाने दाखवायची. मग पडद्यावर सगळं झपझप घडतं. आज आपण उलटं करतो. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं घेतो आणि एक उडी पाच सेकंद हवेत तरंगते. युक्ती तीच, दिशा वेगळी. वेळ ताणली किंवा आवळली की साधी गोष्टही अचाट दिसते.

पण आगगाडीचं टप मात्र खोटं नव्हतं. त्या प्रेक्षकांना ते ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांनी नाडियाला डोक्यावर घेतलं. शिट्टी कथेला नव्हती, ‘हिने हे खरंच केलं’ याला होती. स्टंटचं सगळं अर्थकारण या एका वाक्यावर उभं आहे, तेव्हाही आणि आताही.

जिथे चित्र थांबवावं लागलं

परळच्या ज्या जागेत वाडियांचा स्टुडिओ होता, तिथेच १९४२ मध्ये व्ही. शांतारामांनी राजकमल कलामंदिर सुरू केलं. शांतारामबापू काही स्टंटपटवाले नव्हते. पण ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका करताना त्यांनी बैलाशी झुंज स्वतः दिली. त्यात त्यांच्या डोळ्यांना इतकी इजा झाली की दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या त्या दिवसांत जे रंग दिसत राहिले, त्यातून ‘नवरंग’ सुचला, असं त्यांनीच त्या चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर येऊन सांगितलं आहे.

म्हणजे चित्रपटात जे दिसतं ते यशस्वी दृश्य. किंमत पुढच्या चित्रपटात, तीही दिग्दर्शकाने स्वतः सांगितली म्हणून कळली. एखाद्या साध्या स्टंटमनची किंमत कोण सांगणार? त्याचं तर नावही बहुतेकदा पडद्यावर येत नसे.

किंमत थेट त्याच दृश्यात दाखवली गेली ती एकदाच, निदान सगळ्यांच्या लक्षात राहील अशी. २६ जुलै १९८२ ला बंगळुरूमध्ये ‘कुली’च्या मारामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चनच्या पोटाला जबर मार लागला. मुंबईत ब्रीच कँडीत तो मृत्यूशी झुंजत असताना देशभर देवळात, मशिदीत प्रार्थना चालल्या होत्या. चित्रपट १९८३ मध्ये आला, तेव्हा मनमोहन देसाईंनी दोन गोष्टी केल्या. मरणारा नायक शेवटी वाचवला. आणि ज्या क्षणी खरी इजा झाली, तिथे चित्र गोठवून ‘इथेच लागलं’ अशी पाटी दाखवली.

मला ती पाटी फार महत्त्वाची वाटते. धंद्याचं डोकं त्यात होतंच, नाही असं नाही. पण त्या गोठलेल्या चौकटीत प्रेक्षकाला पहिल्यांदा सांगितलं गेलं की तू ज्याला करमणूक समजतोयस, त्यात इथे एक माणूस जवळजवळ गेला होता. आज आपल्या फीडमध्ये अशी पाटी कुठेच येत नाही. तिथे चित्र थांबत नाही, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

नववा थर, दहावा थर

स्टुडिओच्या बाहेर, रस्त्यावर कॅमेऱ्याने सगळ्यात जास्त बदललेली गोष्ट कोणती असेल तर दहीहंडी. गल्लीत दोन इमारतींच्या मधे बांधलेली हंडी आधीपासून होतीच. पण मैदान, क्रेन, लाखांची बक्षिसं आणि थेट प्रक्षेपण आलं तसे थर वाढत गेले. कारण पाचव्या थरातली मेहनत चॅनेलवर दिसत नाही, आकडा दिसतो.

ऑगस्ट २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट. गिनीज बुकात नोंद झाली. २०२५ मध्ये, पुन्हा ठाण्यातच, जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर लावून दाखवले. हे व्हिडिओ पाहिले असतील तर आठवा: खालचा घेर एकमेकांच्या खांद्यात डोकं खुपसून उभा, वर काय चाललंय ते त्यातल्या एकालाही दिसत नाही. प्रत्येक थर चढला की खालच्यांच्या पोटऱ्या थरथरतात. शेवटी ‘एक्का’ चढतो, हात वर करून सलामी देतो आणि मग खरं अवघड काम सुरू होतं, ते म्हणजे न कोसळता उतरणं. व्हिडिओ मात्र बहुतेकदा सलामीलाच कापलेला असतो.

या बाबतीत मला गोविंदा पथकांबद्दल आदर आहे, कारण हे धाडस एकट्याचं नाही. महिनोन्‌महिने रात्री सराव करून दीड-दोनशे माणसं ते उभं करतात, त्यात हमालही असतो आणि बँकेतला कारकूनही. पण त्याच मनोऱ्याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये आमच्या नवी मुंबईत सरावाच्या वेळी चौदा वर्षांचा एक मुलगा थरावरून पडून गेला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि उंचीला २० फुटांची मर्यादा घातली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परत आलं. २०१७ मध्ये वयाची अट १४ वर आली आणि उंचीवर मर्यादा घालायला उच्च न्यायालयाने नकार दिला. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा द्यायचं जाहीर केलं.

तीन वर्षं चाललेला हा वाद खरं म्हणजे त्या जुन्याच प्रश्नाचा होता. धाडस कोणासाठी? पण त्या वादामुळे काही चांगलंही झालं. वरच्या मुलाच्या कमरेला दोर आला, डोक्यावर हेल्मेट आलं, खाली गाद्या आल्या, विमा आला. व्हिडिओत दोर दिसला की काही जण नाकं मुरडतात, मजा गेली म्हणतात. मला तो दोर म्हणजे ‘कुली’तली पाटी वाटते. इथे खरंच पडायला होतं, असं सांगणारी.

झेंडी दाखवणारा माणूस

आतापर्यंतची सगळी धाडसं कॅमेऱ्याला माहीत होती. आता उलट बाजू.

१७ एप्रिल २०२१. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढचं वांगणी स्टेशन. करोनाच्या निर्बंधांमुळे फलाट जवळजवळ रिकामा. एक बाई लहान मुलाचा हात धरून कडेकडेने चालली आहे. मूल रुळावर पडतं. बाई गुडघ्यावर बसून हाताने चाचपडते, कारण तिला दिसत नाही. समोरून एक्स्प्रेस येते आहे. तेवढ्यात चौकटीच्या दुसऱ्या टोकाकडून एक माणूस रुळांमधून, गाडीच्या दिशेने, धावत येतो. मुलाला उचलून फलाटावर टाकतो, स्वतः हातांवर जोर देऊन वर चढतो. आणि गाडी जाते.

तो माणूस म्हणजे पॉइंट्समन मयूर शेळके. सांधे बदलणं, जाणाऱ्या गाडीला झेंडी दाखवणं हे पॉइंट्समनचं काम. आपण लोकलच्या खिडकीतून या माणसांना रोज बघतो आणि रोज बघत नाही.

जरा हिशोब करून पाहा. गाडी ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर ती सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. सीसीटीव्ही सेकंदाला २५ चित्रं घेत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत गाडी एक मीटरहून जास्त पुढे आलेली असते. फलाटावर चढायला शेळके यांना एक सेकंद जास्त लागला असता, तर गाडी आणखी एक डबा-सव्वा डबा पुढे आली असती. इतक्या जवळ येऊन ब्रेक लावून काही होत नाही. गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात.

या व्हिडिओत नाडियाच्या टपावरचं काहीही नाही. कॅमेरा खांबावर टांगलेला, कोन वाईट, चित्र भुरकट, आवाज नाही. त्याच्यामागे कोणी माणूस नव्हता. धावणाऱ्याला कॅमेऱ्याची आठवण असणं शक्य नव्हतं. नंतर पत्रकारांशी बोलताना शेळके यांनी सरळ सांगितलं, की धावताना आपल्यालाही धोका आहे हा विचार मनात आला होता. तरी वाटलं, मुलाला वाचवायला हवं. मला या कबुलीने त्या धावण्यापेक्षाही जास्त जिंकलं. कॅमेऱ्यासाठी केलेल्या धाडसात भीती लपवावी लागते. इथे ती लपवायचं कारणच नव्हतं.

रेल्वेने ५०,००० रुपयांचं बक्षीस दिलं. त्यातली अर्धी रक्कम शेळके यांनी त्या मुलासाठी द्यायचं ठरवलं. एका कंपनीने मोटारसायकल दिली. देशभर कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

पण व्हिडिओच्या चौकटीबाहेर एक गोष्ट राहिली. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुंबईच्या मानाने घरं स्वस्त, स्टेशन जवळ, म्हणून ही माणसं तिथे येऊन राहिली. त्यातली कितीतरी लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून पोट भरतात. म्हणजे न दिसणाऱ्या माणसाने त्या फलाटावरून चालणं हा त्या दिवसाचा योगायोग नव्हता. ते तिथलं रोजचं दृश्य होतं. योगायोग होता तो शेळके यांचा तिथे असण्याचा.

आधी अपघात, मग व्हायरल

आता आमच्या हार्बर लाइनवर या. मार्च २०२४ मध्ये शिवडी स्टेशनात एका तरुणाने स्टंट केला. सुटत्या लोकलच्या दाराला लटकून फलाटावर पाय घासत जायचं. मित्राने मोबाइलवर चित्रण केलं. एप्रिलमध्ये मशीद स्टेशनात असाच आणखी एक स्टंट करताना त्याने एक हात आणि एक पाय गमावला.

जुलैमध्ये शिवडीचा तो जुना व्हिडिओ समाजमाध्यमांवर जोरात पसरला. लोकांनी रेल्वेला टॅग केलं, याला पकडा म्हणाले. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान शोध घेत त्याच्या घरी पोहोचले, तेव्हा समोर आला तो एक हात, एक पाय नसलेला मुलगा. लाखो मोबाइलवर तो त्या क्षणीही दोन्ही पायांनी फलाटावर घसरत होता.

रेल्वे कायद्यात यासाठी कलमं आहेत. टपावर, पायरीवर प्रवास केल्यास कलम १५६: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. कायदा १९८९ चा आहे, तेव्हाचे ५०० रुपये. पण या मुलाला आता कोणत्या कलमाने काय शिकवणार? रेल्वेने त्याच्याच तोंडून इतरांना सावध करणारा व्हिडिओ काढला. तो पहिल्याइतका पसरला असेल असं मला वाटत नाही. आपण काय पुढे पाठवतो ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे येणारा स्टंटचा प्रत्येक व्हिडिओ आधी एका चाळणीतून आलेला असतो. जे जमलं ते वर येतं. जे फसलं ते एकतर काढून टाकलं जातं, नाहीतर घरच्यांपुरतं राहतं. शंभर क्लिपा पाहिल्या की डोक्यात हिशोब पक्का होतो: माणूस बहुतेक वेळा वाचतो. प्रत्यक्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, करोनाचा काळ सोडला, तर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून. त्यातली बहुतांश स्टंट करत नसतात. ती कामावर जात असतात किंवा घरी परतत असतात.

हिरकणीने दाखवलेली वाट

कॅमेरा नसतानाही धाडस लक्षात ठेवायची आपली पद्धत होती. रायगडावर दूध घालायला गेलेल्या हिरकणीची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं मूल. तिने सरळ कडा उतरला. आख्यायिका आहे, तिला पुरावा मागू नये. पण तिच्या शेवटाकडे नीट बघा.

महाराजांना कळतं, तेव्हा ते तिला साडीचोळी देऊन गौरवतात. आणि जिथून ती उतरली, तिथे बुरूज बांधतात. शाळेत आपल्याला सांगतात की तो तिच्या आठवणीसाठी. अर्धं खरं. गडाच्या मालकाला त्या रात्री आणखी एक गोष्ट कळली होती: जिथून एक बाई रात्री उतरू शकते, तिथून शत्रू चढूही शकतो. तटबंदीत एक वाट राहून गेली होती. बुरुजाने ती बुजवली. एकाच बांधकामात सन्मानही झाला आणि दुरुस्तीही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला वेगळी नावं आहेत, पण रीत हीच. एखादी यंत्रणा कोसळता कोसळता वाचली, रात्री तीन वाजता कोणीतरी उठून वेळेवर बटण दाबलं, तर त्याचे आभार मानतात. मग दुसऱ्या दिवशी सगळे बसून विचारतात: त्याला उठावं का लागलं? पुढच्या वेळी तो उठला नाही तर? जिथे फक्त आभार मानून मीटिंग संपते, तिथे तो प्रसंग पुन्हा येतो, याची खात्री बाळगावी.

मुंबईच्या रेल्वेवर असे बुरूज बांधले गेलेच नाहीत असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला सोळा वर्षांची एक मुलगी लोकलमध्ये चढताना फलाट आणि डब्यातल्या फटीत पडली, तिचे दोन्ही हात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, रेल्वेला फलाटांची उंची वाढवायला लावली. आज अनेक स्टेशनांवर आपण डब्यात जवळजवळ सपाट पाऊल टाकतो, त्यामागे ते प्रकरण आहे. त्या फटीतून वाचलेल्यांचा व्हिडिओ कधी येणार नाही, कारण तिथे आता काही घडतच नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून मेली, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. ती दारं सगळीकडे आली, तर शिवडीसारखा व्हिडिओ काढताच येणार नाही. कोणाला पकडावं लागणार नाही, कोणाला समजवावं लागणार नाही.

सावेदादांपासून आपण एकच काम करत आलो: धाडस बघायचं आणि वाहवा करायची. त्यात वाईट काही नाही. पुंडलिकदादा, मास्टर विठ्ठल, नाडिया, थरांच्या तळाशी मान खाली घालून उभे राहिलेले गोविंदा, या सगळ्यांना ती वाहवा हक्काने मिळायला हवी. पण खांबावरच्या कॅमेऱ्यात एखादा जीव सेकंदभराने वाचलेला दिसतो, तेव्हा ती फीत नुसता खेळ नसते. ती तटबंदीतल्या वाटेचा नकाशा असते.

वांगणीचा व्हिडिओ अजूनही अधूनमधून फिरत येतो. पुढच्या वेळी आला तर धावणाऱ्या शेळक्यांकडे बघून झाल्यावर पुन्हा एकदा सुरुवातीला जा. पहिली दोन-तीन सेकंद, मूल पडायच्या आधीची. त्या बाईच्या पायांखाली काय आहे, फलाटाची कड तिला कशी कळणार, एवढंच बघा. मग आपल्या स्टेशनात उतराल तेव्हा तिथलीही कड बघा. पिवळ्या उठावाच्या फरशा आहेत का, त्या झिजल्यात का, त्यांच्यावर कोणी टपरी मांडली आहे का. तिथे काही वाकडं दिसलं तर फोटो काढा आणि रेल्वेला टॅग करा. टॅग करायची सवय आपल्याला आहेच.